गावाचं नाव काढलं तर क्लब आमचा राहील का?

कुळागर:

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचं नाव बदलायचा ठराव पुढच्या महिन्याच्या आमसभेत येतोय. गावाचं नाव इथे लिहीत नाही, सभेआधी चारचौघांत शोभा नको. पण सल्ला हवाय आणि मनातलं बोलायचंही आहे, म्हणून हा धागा.

आमचा क्लब कधीच मोठा नव्हता. गोवा फुटबॉल असोसिएशनच्या खालच्या डिव्हिजनांत खेळलो, एकदा वर चढलो, दोन वर्षांत खाली आलो. मैदान म्हणजे भातकापणीनंतरचा मळा. पैशाची चिंता मात्र नसायची. गावात खाणीचे ट्रक होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रकमालक आपणहून जर्सी आणि बॉल देऊन जायचे. म्हापशाला दुलेरच्या मैदानावर मॅच असली की कुणाचा तरी ट्रक रिकामा मिळायचा आणि लाल धुळीच्या हौद्यात बसून अख्खा वाडा निघायचा. परतताना पांढरी जर्सी कुणाची आणि लाल कुणाची ते ओळखू यायचं नाही.

२०१२ साली खाणी थांबल्या. मधे थोड्या हलल्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात गंजले, काही भंगारात गेले. तेव्हापासून क्लब वर्गणीवर चाललाय. गेल्या दोन हंगामांत पोरांनी स्वतःच्या खिशातून बसचं भाडं दिलं.

आता एक बांधकाम व्यावसायिक पुढे आलाय. गावाच्या वरच्या डोंगरावर त्याचे बंगले होतायत. तीन वर्षं पैसे देईन, प्रशिक्षक देईन, जर्सीचे दोन जोड देईन म्हणतो. अट एकच. क्लबाच्या नावातून गाव जायचं आणि त्याच्या प्रकल्पाचं नाव यायचं, पुढे 'एफसी'. जोडनाव चालणार नाही, गाव पूर्ण गेलं पाहिजे, कारण त्याच्या गिऱ्हाइकांना ते उच्चारता येत नाही असं त्याचं म्हणणं.

कमिटीतले बहुतेक जण तयार आहेत. ती माणसं वाईट नाहीत, दमलेली आहेत. त्यांचं म्हणणं, 'बॉल आधी, नाव मागाहून.' मला हे पटत नाही. पणजीला कॉलेजात असताना गावाचं नाव सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारायचे. ती खाणीची जागा का? नाहीतर, ते फुटबॉलवाले का? खाणीचा आता खड्डा उरलाय, पावसाचं पाणी साचलेला. गावाचं नाव गावाबाहेर घेऊन जाणारं दुसरं काही आमच्याकडे उरलेलं नाही.

इंग्लंडमधल्या हल सिटी या फुटबॉल क्लबाबद्दल वाचलं. १९०४ पासूनचं नाव मालकाला 'हल टायगर्स' करायचं होतं. चाहते लढले आणि २०१४ मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनने परवानगी नाकारली. तिथे नाव बदलायला वरच्या संस्थेची संमती लागते. आमच्याकडे हात वर करून ठराव झाला की संपलं, अशी भीती वाटते. कुणाला अनुभव आहे का?


फातोर्डा पूर्व स्टँड:

कुळागरबाब, लांब इंग्लंडला कशाला जाता? १८ मार्च २०२३ ला मी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये होतो. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, बेंगळुरू विरुद्ध एटीके मोहन बागान. २-२ झाली आणि पेनल्टींवर बागान जिंकला. पण माझ्या लक्षात राहिलंय ते मॅचनंतरचं. क्लबाच्या मालकांनी तिथेच जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून नावातलं 'एटीके' जाणार. माझ्या पुढच्या रांगेत कोलकात्याहून आलेले तिघे जण होते. चषक उचलला तेव्हा ते ओरडत होते, आणि ही बातमी मोबाइलवर आली तेव्हा खाली बसून रडले.

मोहन बागान १८८९ चा. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, तीही बहुतेकांनी अनवाणी खेळून. २०२० मध्ये एटीके ह्या कोलकात्याच्याच आयएसएल क्लबाबरोबर विलीनीकरण झालं, ऐंशी टक्के मालकी तिकडे गेली आणि नावाच्या पुढे ती तीन अक्षरं बसली. हिरवा-मरून रंग राहिला, बोधचिन्हातली शिडाची होडी राहिली, 'मोहन बागान' हे शब्दही राहिले. तरी लोक तीन वर्षं थांबले नाहीत. 'एटीके काढा' ही मागणी त्यांनी रस्त्यावर, स्टँडमध्ये, फलकांवर, सगळीकडे लावून धरली.

तुमच्याकडे तर अख्खं नावच जातंय.


खजिनदार:

मी बार्देशातल्या एका गावच्या क्लबाचा हिशेब बघतो. सगळे कुळागरबाबांच्या बाजूने बोलणार हे दिसतंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

नोंदणीचे पैसे, खेळाडूंची कागदपत्रं, प्रवास, मॅचच्या दिवशीचं पाणी आणि नाश्ता, फाटलेले बूट, एखाद्याचा गुडघा गेला तर डॉक्टर. ही यादी दर हंगामाला खजिनदाराच्या उशाला असते. नावावर प्रेम करणारे शंभर जण असतात. वर्गणी मागायला गेलं की बारा जण दार उघडतात. आमच्या गावात एक हंगाम संघ उतरवताच आला नाही. त्या वर्षी सतरा-अठरा वर्षांची चार चांगली पोरं शेजारच्या गावातून खेळली आणि परत आली नाहीत. नाव शाबूत होतं, खेळायला कोणी नव्हतं.

तुमच्या कमिटीचं 'बॉल आधी' हे म्हणणं मी समजू शकतो. बॉलच नसेल तर नाव लावायचं कशाला?


स्विंडनवासी:

मी मूळचा साखळीचा, आता इंग्लंडमध्ये गोदामात नोकरी करतो. माझ्याबरोबर शिफ्टला हलचा एक जण होता, त्यामुळे ते प्रकरण रोज ऐकलंय. काही गोष्टी तुमच्या सभेसाठी कामाच्या आहेत.

पहिली. हलचा तो मालक, असेम अल्लाम, कुणी उपरा लुटारू नव्हता. इजिप्त सोडून १९६८ मध्ये हलला आला, तिथेच शिकला, तिथेच धंदा उभा केला. २०१० च्या डिसेंबरात क्लब बुडायच्या बेतात असताना त्याने विकत घेतला आणि प्रीमियर लीगमध्ये परत नेला. चाहते त्याचे उपकार मानत होते. माझा सोबती म्हणायचा, 'ह्या माणसाने आमचा क्लब वाचवला, म्हणूनच त्याला नाही म्हणताना जीव तुटतो.' तुमच्या गावातही हे होणार. पैसे देणाऱ्याचे आभार माना आणि नावाला नकार द्या. दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येतं.

दुसरी. त्यांनी घोषणा घेतली, 'मरेपर्यंत सिटी'. मॅचच्या १९ व्या मिनिटाला, ४ सेकंद झाले की सगळे मिळून ओरडायचे, कारण स्थापना १९०४ ची. मालक त्यावर चिडून म्हणाला की मरायचं असेल तर लवकर मरोत. त्या एका वाक्याने कुंपणावर बसलेले कितीतरी जण इकडे आले.

तिसरी, आणि ही नीट वाचा. एप्रिल २०१४ मध्ये क्लबाने सीझन तिकीटवाल्यांची मतं घेतली. नावबदलाच्या बाजूने २,५६५, विरोधात २,५१७, आणि 'काहीही चालेल' म्हणणारे ७९२. म्हणजे चाहतेच हरले? पर्याय कसे लिहिले होते बघा. 'हो' च्या पर्यायातच लिहिलं होतं की अल्लाम कुटुंब क्लब चालवत राहील. 'नाही' वर शिक्का मारणाऱ्याला वाटणार, मालक गेला तर क्लबाचं काय? इतकं असूनही फरक ४८ मतांचा. पुढे ९ एप्रिलला असोसिएशनच्या कौन्सिलमध्ये ६३.५ टक्के मतं विरोधात पडली. मालकाने दाद मागितली, लवादाने तो निर्णय रद्द ठरवला, आणि जुलै २०१५ मध्ये कौन्सिलने दुसऱ्यांदा नकार दिला.

तेव्हा ठराव कुठल्या शब्दांत येतो ते आधी मागून घ्या. 'प्रायोजकत्व स्वीकारावे व त्यानुसार नावात बदल करावा' असं एकाच वाक्यात आलं तर पोरांच्या बुटांसाठी हात वर करणारा नावही देऊन बसेल. दोन ठराव वेगळे करायला लावा.


कुळागर:

स्विंडनवासी, तुमचे कोणत्या शब्दांत आभार मानू? आज संध्याकाळी सचिवांकडे जाऊन मसुदा पाहिला. अगदी तसंच आहे, एकच वाक्य, मधे 'व'.

खजिनदार, तुमच्यावर राग नाही. ती चार पोरं मला रात्रभर आठवत राहिली.


डेंपोवाला:

थोडं वेगळं बोलतो. आपल्या गोव्यात मोठे क्लब कुणाच्या नावाचे आहेत? डेंपो, साळगावकर, सेझा, चर्चिल ब्रदर्स. घराण्यांची किंवा कंपन्यांची नावं. मी लहानपणापासून डेंपोचा. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला संघ. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, बेटो, रँटी, आणि बाकावर प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. तिकडे साळगावकराकडे गोलात ब्रह्मानंद. 'डेंपो' म्हटलं की मला खनिजाची बार्ज आठवत नाही, ही माणसं आठवतात. त्यामुळे धंद्याचं नाव लागलं की क्लब बाटला, असं मी म्हणणार नाही. पोरांनी घाम गाळला की तेही नाव आपलं होतं.

पण ह्याची दुसरी बाजूही आम्हीच भोगली. २०१६ मध्ये आयएसएलला वरची लीग करायचं ठरलं तेव्हा डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघेही आय-लीगमधून, म्हणजे तोवरच्या देशातल्या वरच्या लीगमधून, बाहेर पडले. त्यांचं भांडण मला पटलं होतं, आजही पटतं. पण आम्हाला विचारलं कोणी? विचारणारच कसे, नाव त्यांचं होतं. डेंपो परत आय-लीगमध्ये दिसायला २०२४ उजाडलं. आठ वर्षांत माझा मुलगा शाळा संपवून मोठा झाला आणि फुटबॉल टीव्हीवर बघायला लागला.

ज्याचं नाव त्याची मर्जी, हे मी पाहिलंय. तुमच्या क्लबाला गावाचं नाव आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते आम्हाला विचारा.


बालेवाडी:

पुण्याहून लिहितोय. एफसी पुणे सिटीच्या मॅचना बालेवाडीला जायचो, नारिंगी-जांभळा मफलर अजून कपाटात आहे. २०१९ मध्ये क्लब संपला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आला. हैदराबादने २० मार्च २०२२ ला तुमच्याच फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून चषक जिंकला. मी घरी बसून ती मॅच बघितली आणि खरं सांगतो, पोटात कालवलं. पण त्यांच्या चाहत्यांचा राग नाही आला, त्यांचा काय दोष? २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला गेला, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. चषकावर कोरलेल्या नावाचा संघच आता कुठे नाही.

इकडे पोरं विचारतात, काका तुमची टीम कोणती? सांगायला काही नाही.


साळची माहेरवाशीण:

मी वाचत होते फक्त, पण आता लिहावंसं वाटलं. माझ्या माहेरच्या गावीही असाच क्लब आहे. बाबा जर्सीच्या पाठीवर नंबर शिवायचे, शिंप्याकडे पैसे जास्त पडायचे म्हणून. आकडा कापायचं काम माझं. सात आणि एक सोपे, आठ म्हणजे डोकेदुखी. पुढच्या बाजूला गावाचं नाव असायचं, ते मात्र आईच शिवायची, कारण बाबांची अक्षरं वाकडी व्हायची. ती जर्सी घालून कोणी बसमध्ये चढला तर कंडक्टर गावाच्या नावाने हाक मारायचा.

मला कुळागरदादांना विचारायचंय, तुमच्या सभेत मत कोणाला आहे? आमच्या क्लबाच्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं. आता मुली खेळतात. माझी भाची चौदा वर्षांखालच्या संघात आहे. मुलीला आणि तिच्या आईला मत नाही, आणि ज्यांनी दहा वर्षं मैदानावर पाऊल ठेवलं नाही त्यांना आहे, असं असेल तर गाव क्लबाबरोबर आहे की नाही हे कळणार कसं? तारखेआधी सभासद होता येत असेल तर आयांना आणि मुलींना सभासद करा. वर्गणी फार नसणार.


खजिनदार:

ताई, हा मुद्दा मला सुचायला हवा होता. आमच्या वहीतही नाही.

कुळागरबाब, काल बालेवाडीवाल्यांचं वाचलं आणि एक हिशेब मांडला. तीन वर्षांनी बंगले विकून संपले की ते नाव त्या माणसाच्या काय कामाचं? तो जाईल. तुमच्या हातात विकल्या गेलेल्या प्रकल्पाचं नाव उरेल आणि असोसिएशनच्या नोंदीत गावाचं नाव नसेल. परत बदलायचं म्हणजे परत सभा, परत अर्ज, परत खर्च. म्हणजे नुसत्या पैशाच्या नजरेने पाहिलं तरी हा सौदा तोट्याचा आहे. मी माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पैसा लागतोच. पण विकायच्या वस्तू दुसऱ्या आहेत. जर्सीची छाती द्या, पाठ द्या, मैदानाच्या चारी बाजूंचे फलक द्या, गावच्या स्पर्धेला तीन वर्षं त्याचं नाव द्या. आणि क्लबाची घटना काढून वाचा. नावबदलाला किती मतं लागतात आणि किती दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ते त्यात असतं. सचिवांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.


फातोर्डा पूर्व स्टँड:

जोडनावाचाही विचार सावधपणे करा. बंगालात १९९८ नंतर मॅकडॉवेल मोहन बागान आणि किंगफिशर ईस्ट बंगाल अशी नावं होती, कारण दोन्हीकडे पैसा एकाच उद्योगाचा. लोकांनी चालवून घेतलं, मूळ नाव जागेवर होतं. प्रायोजक गेले तसे ते शब्दही गेले. पण एटीकेच्या वेळी मालकीच गेली होती, त्यामुळे काढायला तीन वर्षं लागली. आणि काढल्यावरही शेपटीला 'सुपर जायंट' आलंच. मी त्या रात्रीच्या आनंदाला कमी लेखत नाही. पण एकदा हातून गेलेलं पूर्ण परत मिळालं नाही, हेही खरं आहे.


स्विंडनवासी:

हलबद्दल राहिलेलं. नाव वाचलं तरी २०१४ च्या नव्या बोधचिन्हावर क्लबाचं नावच नव्हतं, नुसता वाघ आणि १९०४. नाव परत यायला २०१९ उजाडलं. २०२२ च्या जानेवारीत अल्लाम कुटुंबाने क्लब विकला, त्याच वर्षाच्या शेवटी असेम अल्लाम वारले. क्लब आजही हल सिटीच आहे.


कुळागर:

सगळ्यांना कळवतो. गेला आठवडा धावपळीत गेला.

त्या व्यावसायिकाला आम्ही चौघे जाऊन भेटलो. आभार मानले, जर्सी, फलक, स्पर्धा, सगळं देऊ केलं. म्हणाला, विचार करतो. नकार नाही, होकारही नाही. ठराव दोन करायला सचिव तयार झाले आहेत. घटना मिळाली, टंकलिखित सहा पानं. नावबदलासाठी हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत, साधं बहुमत चालत नाही. कमिटीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. आणि साळच्या ताई, सभेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत सभासद होता येतं, स्त्री-पुरुष असा भेद घटनेत कुठेच नाही. कालपर्यंत एकतीस अर्ज आले, त्यातले एकोणीस बायकांचे. मुलींच्या संघाच्या कप्तानाच्या आजीने स्वतःचा अर्ज स्वतः भरला.

ट्रकवाल्यांपैकी तिघांच्या घरीही गेलो. एकाने सांगितलं, ट्रक नाही, पण मुलाचा टेंपो आहे, दुलेरपर्यंत पोरांना मी नेईन.

घटना शोधताना त्याच पेटीत पहिली जमाखर्चाची वही सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण पहिलं पान वाचता येतं. वर देवनागरीत क्लबाचं नाव, गावासकट. जमेला एकच रक्कम आहे, 'काजूच्या बिया विकून'. माझे काका सांगायचे की मे महिन्यात सगळ्या पोरांनी डोंगरावर बिया वेचल्या होत्या, ज्या डोंगरावर आता बंगले होतायत. खर्चाच्या बाजूला दोन नोंदी आहेत. सभेत ते पान मोठ्याने वाचून दाखवायचं ठरलंय. पहिली नोंद, 'क्लबाचे नावाचा रबरी शिक्का, एक'. तिच्या खाली, 'बॉल, एक'.